झिंगे इटालियन, पण कुठले?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं भांडण सोपं जाईल. नागपुरात घरी इटालियन पद्धतीचे, लसूण-टोमॅटोच्या सॉसमधले झिंगे करायचे असतील तर ऑलिव्ह ऑइलची बाटली ही यादीतली सगळ्यात शेवटची वस्तू आहे. पहिली वस्तू म्हणजे झिंगा. आणि तो घेण्याआधी विचारायचा एक प्रश्न: हा कुठला?

(कोकण-पुण्याच्या मंडळींसाठी: झिंगे म्हणजे तुमची कोळंबी. आमच्याकडे बाजारात जाऊन 'कोळंबी द्या' म्हटलं तर विकणारा आधी तुमचं गाव विचारतो.)

हा पदार्थ आता आमच्या पिढीचा शनिवार रात्रीचा पदार्थ झालाय. आठवडाभर पोळी-भाजीचा डबा, आणि शनिवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर पास्ता नाहीतर हे झिंगे. सोपं आहे, भांडी कमी लागतात, फोटो चांगला येतो. यात वाईट काहीच नाही. मला खटकतो तो खर्चाचा क्रम. इटलीहून आलेला टोमॅटोचा डबा, इटलीहून आलेलं तेल, वाळक्या बेसिलची काचेची बरणी, आणि झिंगे? फ्रीजरमध्ये ज्या पाकिटावर सूट असेल ते. म्हणजे प्रोजेक्टचं सगळं बजेट लॉगिन पेजच्या डिझाइनवर, आणि डेटाबेसचा बॅकअप रामभरोसे. :-)

या पदार्थाबद्दल बोलायला लागलं की दोन पार्ट्या पडतात. पहिली 'अस्सल' पार्टी. यांचं म्हणणं, अमुक जातीचा टोमॅटो नाही, तमुक तेल नाही, समुद्राचा झिंगा नाही, तर मग ते इटालियन कसलं? दुसरी 'मसाला' पार्टी. यात आमच्या घरचे बहुतेक सगळे आहेत. भंडाऱ्याच्या आत्याने पहिल्यांदा ताट पाहिलं तेव्हा तिची प्रतिक्रिया एवढीच होती, "बाप्पा! मसाला टाकायचा राहिला का रे?" सावजी रस्सा ज्यांच्या जिभेचं मोजमाप आहे त्यांना लसूण-टोमॅटो म्हणजे अर्धवट सोडलेला स्वयंपाक वाटणारच. मला दोन्ही पार्ट्यांबद्दल प्रेम आहे, पण दोघांचंही चुकतं.

अस्सलवाल्यांसाठी थोडा इतिहास. टोमॅटो मूळचा इटलीचा नाही, अमेरिका खंडातला. मिरचीही तिकडचीच. दोन्ही पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्या शतकापर्यंत युरोपात पोचल्या. नेपल्समध्ये १६९०च्या दशकात अंतोनियो लातिनी नावाच्या माणसाचं पाककलेवरचं पुस्तक आलं. तो बड्या घरची मुदपाकखान्याची व्यवस्था पाहायचा. त्याच्या पुस्तकात टोमॅटो सॉसची कृती आहे, भाजलेले टोमॅटो, कांदा, मिरची वगैरे. आणि त्या सॉसला त्याने नाव काय दिलंय? 'स्पॅनिश पद्धतीचा' सॉस! म्हणजे ज्याला आपण इटलीचा आत्मा म्हणतो तो इटलीतच आधी 'फॉरेन' म्हणून आला.

नावांचा गोंधळ तर विचारू नका. इटालियन भाषेत 'स्कँपी' म्हणजे छोट्या लॉबस्टरसारखा दिसणारा, लांब नांग्यांचा एक समुद्री प्राणी. एड्रियाटिकच्या काठावर, त्रिएस्ते आणि इस्त्रियाकडे, तो लसूण, टोमॅटो, वाइन आणि पावाच्या चुऱ्यात शिजवतात. त्याला 'बुझारा' म्हणतात. आपल्या विषयाचा हा सगळ्यात जवळचा इटालियन नातेवाईक. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिथे साधे झिंगे मिळाले, त्यांनी पद्धत तीच ठेवली आणि 'श्रिंप स्कँपी' असं जोडनाव पडलं. मग भारतात मासळीच्या निर्यातीच्या धंद्यात 'स्कँपी' हा शब्द आला, तो थेट गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्यासाठी! एकच नाव, तीन देशांत तीन वेगळ्या वस्तू. कोड असता तर कंपाइल झाला नसता. पण स्वयंपाकघरात चालतो, कारण लोकांनी वस्तू नाही, पद्धत उचलली. जवळ जे मिळालं त्याला ती लावली. माझ्या मते 'इटालियन' म्हणजे एवढंच.

आता मसालावाल्यांसाठी, ती पद्धत काय आहे ते. त्यात जिन्नस कमी आहेत, आणि त्यामुळेच लपायला जागा नाही. रश्श्यात शिळा झिंगा खपून जातो. यात तो पहिल्या घासाला पकडला जातो. तिघांसाठी प्रमाण असं:

अर्धा किलो झिंगे (सोलून, पाठीवरचा काळा दोरा काढून, पण कवच फेकून न देता), सहा पिकलेले टोमॅटो, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, दोन सुक्या लाल मिरच्या, चार मोठे चमचे तेल, मीठ, मूठभर कोथिंबीर. बस्स.

सोललेल्या झिंग्यांना चिमूटभर मीठ लावून कोरडे पुसून ठेवायचे. चमचाभर तेलात कवचं लालसर होईपर्यंत परतायची, कपभर पाणी घालून पंधरा मिनिटं उकळायची, गाळायची. अर्धी चव या पाण्यात असते, आणि आपण ती रोज केराच्या डब्यात टाकतो. नंतर पसरट कढईत उरलेलं तेल घेऊन लसणाचे काप मंद आचेवर टाकायचे. लसूण कापला की त्यातली उग्र चव तयार होते, मंद तेलात ती गोडसर होते. पण पाकळी तपकिरी झाली की कडू, आणि तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही. फिकट सोनेरी दिसला की मिरची, लगेच किसलेले टोमॅटो. मोठ्या आचेवर दहा मिनिटं, मग ते गाळलेलं पाणी, पुन्हा आटू द्यायचं. सॉस चमच्याला चिकटायला लागला आणि कडेने तेल दिसलं की झिंगे आत. दोन मिनिटं एका बाजूने, दीड मिनिट दुसऱ्या. गॅस बंद. कोथिंबीर.

शेवटची साडेतीन मिनिटं हाच खरा स्वयंपाक आहे. झिंग्याच्या मांसात प्रथिनं भरपूर आणि चिवट धागे कमी, त्यामुळे मटणासारखं 'अजून थोडं शिजू दे' इथे चालत नाही. जास्त उष्णता मिळाली की प्रथिनं आकसतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि हाताशी रबर राहतं. बरं, खूण निसर्गानेच ठेवलीय. कच्च्या झिंग्याचा लाल रंग एका प्रथिनाने बांधून ठेवलेला असतो, म्हणून तो राखाडी दिसतो. उष्णतेने ते प्रथिन उलगडतं, रंग सुटतो आणि झिंगा केशरी-गुलाबी होतो. तर, रंग बदलला, मांस आरपार दिसायचं थांबलं आणि आकार अर्धचंद्रासारखा झाला की झालं. पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला. आणि वरून चीज किसू नका. बहुतेक इटालियन घरांतसुद्धा मासळीवर चीज घालत नाहीत.

आता यादीतल्या प्रत्येक वस्तूकडे नागपूरच्या नजरेने बघा. टोमॅटो: आमच्या भागात जुनी माणसं त्याला भेदरं म्हणतात. हिवाळ्यात कॉटन मार्केटला पातळ सालीची, आंबट, रसाची भेदरं मिळतात, त्यांच्यापुढे डब्याची गरज नाही. उन्हाळ्यात जाड सालीचा, प्रवासासाठी वाढवलेला टोमॅटोच मिळतो, तेव्हा डबा घेतला तर माझी हरकत नाही. मिरची: भिवापूर आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि आपण मॉलमधून 'चिली फ्लेक्स'ची पुडी आणतो. तेल: शेंगदाण्याचं घाणीचं तेल या पदार्थात मस्त लागतं. ऑलिव्ह ऑइल घरात असेल तर शेवटी वरून चमचाभर घाला, वास छान येतो. पण त्यासाठी पदार्थ अडत नाही.

अडतो तो झिंग्यापाशी.

नागपूरपासून कुठलाही समुद्र सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. इथल्या दुकानात मिळणारा झिंगा बहुतेक वेळा समुद्रातलाही नसतो, आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या तळ्यांत वाढवलेला 'व्हॅनामी' असतो. ही जातही मूळची आपली नाही. मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. भारतात तिच्या व्यावसायिक शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत तिने देशाची झिंगाशेती व्यापून टाकली. २०२३-२४ या वर्षात भारताने सुमारे ७ लाख १६ हजार टन गोठवलेला झिंगा निर्यात केला, किंमत ४० हजार कोटी रुपयांच्या आसपास. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा आंध्रच्या तळ्यांवर लगेच धसका बसला, आणि 'आपल्याच देशात खप वाढवा' अशी चर्चा सुरू झाली. थोडक्यात, टोमॅटो अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, झिंगाही मूळचा अमेरिकेचा, आणि पाटी इटलीची. आता सांगा, अस्सल कशाला म्हणायचं?

व्हॅनामी वाईट नाही. मी खातो. घेताना एवढंच बघा: पाकिटावर बर्फ सोडून निव्वळ वजन किती लिहिलंय, कारण बर्फाचा थर जाड असेल तर पाण्याचे पैसे जातात. पाकिटात बर्फाचे मोठे खडे दिसले तर माल मधे वितळून पुन्हा गोठलाय. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून हळूहळू वितळू द्या, गरम पाण्यात नको. आणि भोईपुऱ्यात किंवा मंगळवारीत बर्फावर पसरलेला झिंगा 'ताजा'च असतो असंही नाही. डोकं सैल झालेलं, सांध्यापाशी काळं पडलेलं, वास अमोनियाचा, तर पुढे चला. विकणाऱ्याला सरळ विचारा. माझ्या अनुभवात तो सरळच सांगतो. "हा आंध्राचा हाय भाऊ, तो तलावाचा हाय. पाहून घ्या नं."

'तलावाचा हाय' हे वाक्य ऐकलं की मी थांबतो. कारण इथून पुढचा विषय फक्त जेवणाचा राहत नाही.

आपण समुद्रापासून लांब आहोत, पण झिंग्यापासून कधीच लांब नव्हतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी यातले कितीतरी बांधले, धानाला पाणी मिळावं म्हणून. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढायचा कुणी हा प्रश्न तेव्हापासून फाइलीत आहे. या तलावांवर ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतो. तलावातल्या पाणवनस्पतींत छोटे झिंगे राहतात. ते गोड्या पाण्यातच अंडी घालतात, तिथेच वाढतात. वाळवले की आपले सुके झिंगे. बाजारात तलावाचा मोठा झिंगा मिळतो तो वेगळा, निर्यातवाल्यांचा 'स्कँपी'. त्याचं बीज आणून तलावात सोडतात.

आणि तिसरा, नदीचा झिंगा. गोदावरीच्या खोऱ्यातल्या या मोठ्या झिंग्याचं आयुष्य म्हणजे एक लांबलचक प्रवास आहे. पिल्लांना सुरुवातीला खारट पाणी लागतं, म्हणजे समुद्राच्या तोंडाशी असतं तसं. थोडी मोठी झाली की ती काठाकाठाने नदी चढायला लागतात. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. ही सगळी वाट मोकळी असेल तरच झिंगा वर येऊ शकतो. त्या वाटेवर आज काय काय आहे? दवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ च्या सुमारास पूर्ण केलेल्या बंधाऱ्याच्या जागी आता मोठा बराज आहे. प्राणहितेच्या संगमाखाली मेडिगड्डा, २०१९ चा. आणि वैनगंगेवर गोसीखुर्द, ज्याचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. धरणं नकोत असं मी म्हणत नाही, धानाला पाणी लागतं. पण नदी अडवताना त्यात चढणारा-उतरणारा जीव कुणी हिशेबात धरला होता का, हा प्रश्न ढिवरांनी एकट्यानेच का विचारायचा? झिंगा खाणारे आपणही आहोत.

बरं, धरण सरकारने बांधलं, आपण काय करणार, असं म्हणून सुटता येत नाही. कारण नागपूरचा हिशेब अजून बाकी आहे. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन पूर्वेला जाते, कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबतं. म्हणजे शनिवारी रात्री झिंग्याची कढई घासून सिंकमधून जे पाणी सोडलं, त्याचा पत्ता शंभर किलोमीटरच्या आतला आहे. आपल्याला तेलाच्या बाटलीवर इटलीतल्या कुठल्या टेकडीवरचं ऑलिव्ह आहे ते वाचायला आवडतं. आपल्या सिंकचं पाणी कुणाच्या जाळ्यापर्यंत जातं, ते मात्र कुठल्याच लेबलवर लिहिलेलं नसतं.

काही लोक हे काम हातात घेऊन बसले आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढिवर समाजाबरोबर अनेक वर्षं तलावांवर काम करते. तलावातली बेशरमाची झुडपं उपटायची, गाळात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, म्हणजे स्थानिक मासळीला लपायला आणि अंडी घालायला जागा मिळते. हे काम चिखलात कमरेपर्यंत उभं राहून होतं आणि त्यात गावच्या बायका पुढे आहेत. त्यांनी परत आणलेल्या मासळीला शहरात गिऱ्हाईक असणं, हा त्या कामातला आपल्या वाट्याचा अगदी छोटा भाग आहे.

म्हणून माझं मत असं. इटलीकडून शिकायचं असेल तर तेल आणि डबे नंतर शिका. आधी हे शिका की तिथे बाजारात उभा राहिलेला माणूस मासळी कुठल्या पाण्यातली हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाही. ती सवय फुकट आहे, आयात करावी लागत नाही. भोईपुऱ्यात दहा जणांनी दर रविवारी 'तलावाचा आहे का?' विचारलं तर अकराव्या रविवारी विकणारा तो वेगळा मांडून ठेवेल. मागणी अशीच तयार होते, त्याला ॲप लागत नाही.

तलावाचा मोठा झिंगा मिळाला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याचं मांस समुद्राच्या झिंग्यापेक्षा मऊ आणि गोडसर असतं, आणि डोक्यातल्या पाचक रसामुळे तो ठेवला की लवकर पिठूळ होतो. म्हणून घरी आणल्याबरोबर डोकं वेगळं करा, त्याच दिवशी शिजवा. डोकी कवचांबरोबर त्या पंधरा मिनिटांच्या पाण्यात जाऊ द्या, सॉसला जो गडद रंग आणि चव येते ती कुठल्याही डब्यात मिळत नाही. मीठ किंचित जास्त लागेल, कारण हा गोड्या पाण्याचा जीव. बाकी सगळं तेच. साडेतीन मिनिटं. सोबत पास्ता केला तर ठीकच, पण गरम भात अजून चांगला. भंडाऱ्याचा तांदूळ असेल तर त्या तलावाचंच पाणी दोन्हीकडून ताटात आलं.

आत्याला तो मसाला नसतानाही आवडेल का? ती म्हणते, झिंगा चांगला असला तर मीठ-मिरचीसुद्धा पुरते. हेच तर मी इतका वेळ सांगतोय. :-)